सार्वकालिक

टेकडीपाडा, पो. विसरवाडी
१४ सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी, पुणे कार्यालय

विषय : झाड क्रमांक ४१७ यादीतून कमी करणेबाबत.

महोदय,

महोदय म्हणजे तूच रे, दानियल. दचकू नकोस. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तुमच्या हवावाल्या कंपनीचा बोर्ड आहे, त्यात अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलंय : तक्रार लेखी असावी, टपालाने पाठवावी, तक्रार निवारण अधिकारी श्री. दानियल सॅम्युअल गावित. अडीच वर्षं त्या बोर्डाखालून अंगणवाडीत जातेय आणि परवा पहिल्यांदा चष्मा लावून वाचला. नाताळापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुमचाच माणूस इंद्रसिंग, जो इथं झाडं मोजत फिरतो, त्यानं सांगितलं की तू माझा नंबर ब्लॉक केलायस. पत्र ब्लॉक करायची सोय अजून तरी निघालेली नाही. आणि करारात लिहिलंय म्हणून तुला उत्तर देणं भाग आहे. तेव्हा बहीण म्हणून नको, लाभार्थी क्रमांक एकतीस म्हणून तरी वाच.

आबाच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आबाला काय आवडतं ते तुला ठाऊक आहे. नागलीची भाकर आणि तुझं बोलणं. भाकर मी देते.

आता झाडाचं. बांधावरची ती शिवण. तू जन्मलास त्या पावसाळ्यात आबानं लावली, कारण त्याच वर्षी त्याचा बाप गेला आणि पुरायच्या पेटीला घरची फळी नव्हती. दुसऱ्याच्या दारातून फळ्या मागून आणाव्या लागल्या, ते आबाला फार लागलं. तेव्हापासून म्हणायचा, 'ही माझी पेटी. मी कोणाकडं मागणार नाही.' दर नाताळाला बुंध्याला मिठी मारून माप घ्यायचा आणि आपल्याला हसू यायचं. आता मिठीत मावत नाही एवढी झालीय. आणि तिच्या पोटावर तुम्ही पत्र्याची पाटी ठोकलीय, ४१७ नंबरची, काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाची. चाळीस वर्षं हात लावायचा नाही. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, दानियल. चाळीस वर्षं कुठून आणू?

मागणं एवढंच. पाड्यातल्या अकराशे झाडांतून एक झाड कमी कर. एक. तुझी खुर्ची त्याच कामाची आहे ना?

नाताळात मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, हे मला मान्य आहे. उपासना सुटल्यावर लोकांनी तुला गराडा घातला, झाडांच्या पैशाचा दुसरा हप्ता का आला नाही विचारलं, आणि तू 'मार्केट पडलंय' म्हणालास. मी म्हटलं, 'मार्केट पडलं की तू पडलास?' लोक हसले. तू त्याच दिवशी बॅग उचललीस. बोलायला नको होतं. पण खोटंही बोलले नव्हते.

आपली तक्रारदार,
रूथ सॅम्युअल गावित


टेकडीपाडा
२० ऑक्टोबर २०२४

महोदय आणि भाऊ,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, छापील चिठ्ठी. 'प्रिय लाभार्थी, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. पंचेचाळीस कार्यालयीन दिवसांत निर्णय कळवण्यात येईल. पृथ्वीसाठी आपण करत असलेल्या कार्याबद्दल धन्यवाद.' खाली तुझी सही. सही मात्र तीच, लोणखेड्याच्या कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर घोटायचास ती.

आबाला वाचून दाखवली. आबा म्हणाला, 'पृथ्वीसाठी काय करतोय आपण?' मी म्हटलं, 'काही नाही. झाड कापत नाही.' मग विचारलं, 'कार्यालयीन दिवस म्हणजे?' मी सांगितलं, रविवार सोडून. शनिवार सोडून. सण सोडून. आबानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, 'हिला सांग मग, रविवारी सुट्टी घे म्हणून.' एवढी थट्टा अजून शिल्लक आहे त्याच्यात.

तुझं मार्केट का पडलं ते मी शाळेतल्या धनसिंग मास्तरांकडून समजून घेतलं. तू कधी नीट सांगितलं नव्हतंस. आपली झाडं हवेतला धूर खातात. खाल्लेल्या धुराचं माप कंपनी लावते आणि ते माप तिकडं युरोपात विमानवाल्यांना, सिमेंटवाल्यांना विकते. ते विकत घेतात आणि तेवढाच धूर बिनघोर सोडतात. विमानात बसणारी बाई तिकिटाबरोबर दोन पैसे जास्त टाकते आणि तिच्या मनाला बरं वाटतं. झाड आपलं, मन तिचं. मग तिकडच्या पेपरात आलं की असली मापं फुगवलेली असतात. मोठ्या कंपन्या बिचकल्या, त्यांच्या सरकारांनी नियम फिरवले आणि भाव कोसळला, नवापूरच्या बाजारात टोमॅटो कोसळतो तसा. फरक एवढाच की टोमॅटो निदान गुरांपुढं टाकता येतो.

मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं रे. भाव ते ठरवणार, माप ते ठरवणार, नियम ते करणार आणि तेच मोडणार. जे बदलायचं नाही ते एकच. आपलं झाड. इंद्रसिंग अजून दर महिन्याला येतो, पाटीवर मोबाइल धरतो, 'टिंग' वाजलं की पुढच्या झाडाकडं जातो. त्यालाही तीन महिने पगार नाही, म्हणून आपल्याच घरी जेवतो.

आणि सगळ्याचं मूळ आहे तो शब्द. आठवते ना बावीस सालच्या जानेवारीतली सभा? चर्चच्या अंगणात सतरंजी घातली होती. सिंगापूरहून ती गोरी बाई आली होती, टोपी घालून. ती इंग्रजीत बोलायची आणि तू आम्हाला मराठीत, मध्येच आपल्या मावची बोलीत सांगायचास. आबा पहिल्या रांगेत बसला होता, मुलाचं इंग्रजी ऐकत. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलावत होता. मग ती बाई 'पर्मनंट' म्हणाली. तू अडखळलास. आणि मग म्हणालास, 'ही झाडं सार्वकालिक राहतील.'

सार्वकालिक! अरे, हा शब्द आपल्या लोकांनी बाजारात ऐकलाय का कधी? कचेरीत ऐकलाय? तो आपण ऐकतो पाळकसाहेबांच्या तोंडून, आणि त्याच्यापुढं 'जीवन' येतं. आबानं डोळे मिटले आणि 'आमेन' म्हटलं. त्याच्यामागं सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. गोऱ्या बाईच्या माणसाचा कॅमेरा चालू होता. लोकांनी आशीर्वाद घेतला आणि तुम्ही संमती लिहून घेतली.

तुला दुसरा शब्द सुचला नाही?

रूथ


टेकडीपाडा
१२ जानेवारी २०२५

दानियल,

महोदय आजपासून बंद. तुझा निर्णय मिळाला. 'स्थायित्वाच्या अटीमुळे झाड क्र. ४१७ वगळणे शक्य नाही. एका लाभार्थ्याने अटीचा भंग केल्यास संपूर्ण पाडा योजनेतून अपात्र ठरेल व सामुदायिक सुविधा काढून घेण्यात येतील.' स्थायित्व. बघ, होता की नाही शब्द? कागदावर बरा सापडला. चर्चच्या अंगणात कुठं गेला होता तो?

नाताळाला तू आला नाहीस. आबानं तीन दिवस दाढी करून घेतली. मी म्हटलं, येत नाही तो. तर म्हणाला, 'तो न सांगता येणारा आहे.' चौथ्या दिवशी दाढी नको म्हणाला.

आता कोर्टात सांगावं तसं सगळं सांगते, कारण तुला कळायला हवं की आम्ही काय केलं आणि काय केलं नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बारक्या सुतार घरी आला. तो आपल्या चर्चचा नाही, पण आबाबरोबर चाळीस वर्षं मासे धरायला गेलाय. म्हणाला, 'काकाची पेटी मीच करणार आहे. पहाटे झाड पाडतो, पाटी काढून शेजारच्या मोहाला ठोकतो. मोबाइलला काय कळतं?' मी हो म्हणणार होते. खरं सांगते, तोंडात आलं होतं. पण इंद्रसिंग जेवत बसला होता, तो म्हणाला, 'ताई, मला नाही कळणार. पण वरून फोटो काढतात, त्यात शेंडा दिसला नाही की कळतं.' वरून म्हणजे आकाशातून. आपल्या बांधावर नजर ठेवायला त्यांनी आकाशात पहारेकरी ठेवलाय आणि ज्याला पगार द्यायचा तो माझ्या घरी भात खातोय.

दुसऱ्या दिवशी सोमीबाई आली. शेजारची आपली म्हातारी, तुला लहानपणी मांडीवर घेऊन अंघोळ घालायची ती. कंपनीनं बोअरवर सौरपंप बसवला, त्याची चावी तिच्याकडं असते. आली आणि दारातच बसली, आत येईना. मग म्हणाली, 'रूथ, तुझ्या बापासाठी मी माझ्या घराचं दार काढून देते. पण झाड पाडू नको. पंप नेतील. मला आता दरीत उतरून पाणी भरता येत नाही गं.' तिचे गुडघे मी रोज बघते. मला सोमीबाईचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. बघ कशी गंमत आहे. कंपनीला आमच्याशी भांडावंच लागत नाही. आम्ही एकमेकांच्या दारात बसतो.

आबा खाटेवरून सगळं ऐकत होता. त्यानं मला बोलावलं. म्हणाला, 'राहू दे उभी. दानियलनं गोऱ्या बाईला शब्द दिलाय. मी आमेन म्हटलंय. आमेन म्हटल्यावर कुऱ्हाड चालवायची नसते.' मी म्हटलं, 'आबा, त्यांनी फसवलंय.' तर म्हणाला, 'त्यांनी फसवलं असेल. आपण कशाला फसवायचं?'

मला त्याचा इतका संताप आला की मी भांडी आपटली. सज्जन माणसांचा असाच येतो. चोर मोकळा फिरतो आणि हे आपले दिलेला शब्द सांभाळत बसतात.

पण त्याचे डोळे खिडकीतून त्या शिवणीकडंच असतात. ते तो लपवू शकत नाही. तुझी अट मोडू नकोस, बाबा. नुसता ये. तिच्याखाली खाट टाकू, दोघं बसा. एवढं तरी करारात बसतं का बघ.

रूथ


टेकडीपाडा
९ मार्च २०२५

दानियल,

आबा गुरुवारी गेला. सहा तारखेला, दुपारी, भात कालवून ठेवला होता तेव्हा. इंद्रसिंगनं त्याच्या फोनवरून तुला लावलं होतं. तू सिंगापुरात मीटिंगमध्ये होतास आणि तिकीट मिळत नव्हतं. एवढी विमानं आपल्या झाडांच्या जोरावर उडतात, त्यातल्या एकातही तुला जागा नव्हती.

पेटीचं ऐक. शिवणीला आम्ही हात लावला नाही. बारक्या मोटारसायकलवर नवापूरला गेला. तिथं एका कोंबड्यांच्या शेडवर अंडी उबवायचं परदेशी यंत्र आलं होतं, त्याचं खोकं त्यांनी फोडून टाकलं होतं. त्या फळ्या त्यानं आणल्या. पांढरट, हलकं लाकूड, राळेचा वास येणारं. माझे हात त्याच शेडांमध्ये अंडी वेचून खरखरीत झाले, तू लोणखेड्याला शिकत होतास तेव्हा. आता आबालाही तिथूनच मिळालं. दोन फळ्यांवर शिक्के होते, कणसाचं चित्र आणि इंग्रजी अक्षरं. बारक्यानं रंधा मारला, पण शिक्का भाजून उठवलेला, जाईना. आतल्या बाजूला घे म्हटलं तर फळी पुरेना. शेवटी उशाकडं बाहेरून राहिला. मास्तरांनी वाचलं. डी, ई. म्हणाले, 'जर्मनी.'

म्हणजे तिथं झाडं कापता येतात. कापून, फळ्या पाडून, खोकी करून, समुद्रातून इथवर आणून फेकूनही देता येतात. त्यांच्या झाडांना कोणी पाटी ठोकलेली नाही. आपली उभी राहायची, कारण त्यांची पडतात. मास्तर पुढं काहीतरी समजावत होते, पण मी म्हटलं, मास्तर, पुरे. आज नको.

म्हणजे शेवटी मागूनच आणाव्या लागल्या फळ्या. आयुष्यात ज्या एका गोष्टीची त्याला लाज वाटायची तीच त्याच्या उशाला आली. माती द्यायला सगळा पाडा होता. सोमीबाई सर्वांत मागं उभी होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी तिला हाताला धरून पुढं आणलं.

आता एक सांगायचं आहे. तीन पत्रं मी ते टाळलं.

तो शब्द तुझा नव्हता. तो माझा होता.

तू अडखळलास तेव्हा तू कोणाकडं बघितलंस? माझ्याकडं. मी दुसऱ्या रांगेत होते, आबाच्या मागं. लहानपणी धडा म्हणताना अडलास की बघायचास तसंच बघितलंस आणि मी तसाच तुला शब्द पुरवला. हळूच म्हटलं, 'सार्वकालिक.' किती अभिमान वाटला मला! गोरी बाई बोलतेय, माझा भाऊ सांगतोय आणि अडला तर मी आहे. आबानं 'आमेन' म्हटलं ते तुझ्या शब्दाला नव्हे. त्याच्या कानामागून माझा आवाज आला होता. घरात प्रार्थना मीच म्हणते, त्याला सवय होती. मी बोलले की त्यानं आमेन म्हणायचं.

आणि नंतर घरोघर मीच फिरले. 'माझा भाऊ आहे, अंगठा द्या.' अंगणवाडीच्या बाईवर लोक विश्वास ठेवतात. मी वजन करते पोरांचं, काटा खोटा नसतो हे त्यांना माहीत आहे. एकेका घरात मी चहा पिऊन अंगठे घेतले.

तुला सहा महिने शिव्या घालत होते, कारण स्वतःला घालता येत नव्हत्या. मी ते आबाला सांगणार होते. रोज उद्यावर टाकत गेले.

ह्या पत्राला उत्तर देऊ नकोस. छापील तर अजिबात नको.

रूथ


टेकडीपाडा
३० मार्च २०२५

दानियल,

वरातीमागून घोडं आलं. काल जगदीश पोस्टमन पाकीट घेऊन आला. सगळ्या पाड्याला एकेक आहे. 'जागतिक बाजारपेठेतील बदलत्या परिस्थितीमुळे कंपनीने हा प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला आहे. करार परस्पर संमतीने संपुष्टात आला असून लाभार्थी आपल्या झाडांचा इच्छेनुसार वापर करण्यास मुक्त आहेत. क्रमांकाच्या पाट्या ही कंपनीची मालमत्ता असून त्या परत कराव्यात.'

परस्पर संमती! ह्या वेळी तर 'आमेन'सुद्धा विचारलं नाही.

मी तीनदा वाचलं. अंगणवाडीची बाई आहे मी, कागदावर आधी तारीख बघायची सवय आहे. वर लिहिलंय, निर्णयाचा दिनांक एकवीस फेब्रुवारी. आबा सहा मार्चला गेला. तेरा दिवस, दानियल. तेरा दिवस ती शिवण मोकळी होती. आबा खिडकीतून तिच्याकडं बघत होता, ती मोकळी होती. बारक्या नवापूरला खोकी शोधत फिरत होता, ती मोकळी होती. आणि सही तुझी आहे.

खाली पेनानं लिहिलंस, 'ताई, जाहीर होईपर्यंत सांगता येत नव्हतं.' माझ्या पाकिटावरच आहे ते, बाकीच्यांच्या नाही. बघून घेतलं मी. सांगता येत नव्हतं. बरं. एक मिस्ड कॉल देता येत होता. मी समजले असते.

आबानं तुझा शब्द पाळला. मरताना पाळला. तुझ्या कंपनीचं सार्वकालिक तीन वर्षं दोन महिने टिकलं. आपल्या दारच्या चपलाही त्याहून जास्त टिकतात.

आणि पंप काढून नेला. परवाच. कोणी झाड पाडलं नव्हतं, कोणी अट मोडली नव्हती, तरी नेला, कारण तीही कंपनीची मालमत्ता. सोमीबाई चावी हातात घेऊन उभी होती. ती चावी त्यांनी मागितलीसुद्धा नाही. आता तिचं पाणी मी भरते. जी विमानं उडायची ती उडून गेली. त्यांचा धूर आपल्या नावावर जिरला. ते काही कोणी परत करणार नाही.

मला तुझी दया येते, हेही लिहून ठेवते. रागापेक्षा ते वाईट.

रूथ


टेकडीपाडा
४ मे २०२५

दानियल,

पाट्या पाठवतेय. अकराशेपैकी एक हजार एकाण्णव. बाकीच्या पोरांनी वाकवून गाड्या केल्या, त्या मी मागितल्या नाहीत. जगदीशनं गोणी उचलून बघितली आणि म्हणाला, 'ताई, हाई भलतं जड शे. काय दगडं भरेल शेतस का?' मी म्हटलं, 'हवा आहे.' तो म्हणाला, 'तुन्हा भाऊ तुन्हा पत्र वाचस तरी का?' मी म्हटलं, वाचतो. सही घोटत बसतो तो, वाचत असणारच.

मागच्या आठवड्यात शिवण पाडली. बारक्यानं पहिला घाव घालायच्या आधी माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी पाळकसाहेबांना बोलावलं नाही, प्रार्थनाही म्हटली नाही. माझ्या शब्दांवर माझाच विश्वास उरलेला नाही. नुसतं 'घाल' म्हटलं. आडवी पडली तेव्हा बांध केवढा तरी उघडा वाटला. लाकूड आतून पिवळसर, सुरेख निघालं, एकही पोकळ जागा नाही. आबा छत्तीस वर्षं बरोबरच सांगत होता.

आबासाठी आता काही करता येत नाही. उकरून पेटी बदलायची का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. बारक्याला बोलले तर तो म्हणाला, 'ताई, काकाला आता झोपू दे.' मग त्यानं विचारलं, एवढ्या फळ्यांचं करायचं काय? दाराच्या चौकटी करू? मी म्हटलं, पेट्याच कर. म्हणाला, 'कोणाच्या मापाच्या?'

दोन केल्यात. एक माझ्या मापाची. दुसरी तुझ्या. तुझं माप मला ठाऊक आहे, नाताळाचे सदरे मीच शिवायचे. वाढला असशील म्हणून दोन बोटं जास्त ठेवली. शब्द मी सांगितला, तू बोललास. झाडात दोघांपुरतं लाकूड होतं, ते दोघांना वाटून टाकलं. आबानं म्हटलं असतं, बरं केलंस.

मी शाप देत नाहीये, हे समजून घे. मला शाप द्यायचा असता तर तुला खोक्याची फळी ठेवली असती, अक्षरांची. ही घरची आहे. तुला कधीच कोणाकडं मागावी लागणार नाही. तिकडं कुठं मेलास तर ते तुला कशात घालतील मला ठाऊक नाही. इथं तुझी जागा आहे. मला तुझा राग आहे, आणि जागाही आहे. दोन्ही एकाच घरात ठेवते मी.

सध्या दोन्ही पेट्या माळ्यावर आहेत. घूस फार झालीय आणि पेट्यांना झाकणं घट्ट बसतात, म्हणून माझ्या पेटीत नागली भरलीय आणि तुझ्या पेटीत भाताचं बियाणं. जूनमध्ये पेरायला काढीन. त्याआधी आलास तर माळ्यावर तूच चढ, माझे गुडघे आता सोमीबाईसारखे झालेत. नाही आलास तर मी दरवर्षी भरत राहीन. पेटी रिकामी ठेवणार नाही.

रूथ